शिडाच्या बोटीवरचे इंजिन पॅनेल: मुंबईच्या खाऱ्या हवेत टिकेल असे बांधावे कसे आणि जपावे कसे

मुंबई बंदरात शिडाची बोट चालवणाऱ्याला इंजिन लागते ते बहुधा थोडाच वेळ: मूरिंग सोडून मोकळ्या पाण्यात जाईपर्यंत, मांडव्याच्या वाटेवर वारा पडला तर, आणि परतताना ओहोटीच्या ओढीविरुद्ध गेटवेसमोरच्या गर्दीतून आपल्या जागेवर येईपर्यंत. हा थोडा वेळच नेमका असा असतो, की इंजिन सुरू झाले नाही किंवा मध्येच तापले, तर हाताशी दुसरा उपाय फारसा राहत नाही. इंजिन कॉकपिटच्या खाली बंदिस्त असल्यामुळे सुकाणूवर बसलेल्या माणसाला तेलाचा दाब, इंजिनाचे तापमान आणि बॅटरीचे चार्जिंग यांची खबर मिळते ती केवळ पॅनेलवरून. हे पॅनेल ऊन, शिंतोडे आणि पाऊस खात उघड्यावर असते, आणि ‘इंजिन सुरू होत नाही’ अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा इंजिनात नव्हे, तर या पॅनेलमागच्या वायरींत सापडते.

पुढील विवेचन २५ ते ३५ फुटांची बोट, लहान डिझेल इंजिन आणि १२ व्होल्टची बॅटरी असे धरून केले आहे. वायरिंगचे काम पूर्वी केलेले नसले तरी चालेल. मात्र मल्टीमीटर वापरता येणे आणि कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करण्याची सवय असणे आवश्यक आहे.

आधी शत्रू ओळखावा

नवख्या माणसाला वाटते, की पॅनेल बिघडते ते लाटेच्या पाण्याने. लाटेचे पाणी वाहून जाते. त्याने मागे ठेवलेले मीठ जात नाही. साध्या मिठाचा गुण असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळू लागते. मुंबईत कोरड्या महिन्यांतही रात्री आणि पहाटे ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि जून ते सप्टेंबर या काळात तर हवा बहुतेक वेळ तिच्या वरच असते. म्हणजे मार्चमधल्या एका शिंतोड्याने टर्मिनलवर बसलेला मिठाचा पातळ थर जुलैत, बोट किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली असतानाही, ओलाच असतो आणि तांबे खातच राहतो. मुंबईतील पॅनेल समुद्रावर जितके खराब होते, त्याहून अधिक ते पावसाळ्यात जागच्या जागी उभ्या असलेल्या बोटीत खराब होते.

यावरून बांधणीचे सूत्र ठरते. पाणी कधीच आत शिरणार नाही असे पॅनेल घरी बांधता येत नाही, आणि बाजारातही सहसा मिळत नाही. ‘आयपी ६७’ अशी मोहर असलेला स्विच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरतो, याची ती ग्वाही असते. वर्षभराचे ऊन, खारे वारे आणि थरथर यांबद्दल त्या अंकांतून काहीच कळत नाही. शिवाय पूर्ण बंद केलेली पेटी दिवसा तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री पेटी थंड झाली की बाहेरची दमट हवा कुठल्याशा फटीतून आत ओढली जाते आणि काचेच्या आतून दव धरते. ते दव बाहेर पडायला मात्र वाट नसते. म्हणून पुढचा भाग पाणी झटकणारा, मागचा भाग खाली उघडा आणि निथळणारा, आणि प्रत्येक जोड हाताला लागेल असा, या तीन अटी सोडू नयेत.

पॅनेलवर काय असावे

कमीत कमी पाच गोष्टी लागतात: इग्निशनची चावी किंवा स्विच, सेल्फचे (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचे) बटण, तेलाच्या दाबाचा दिवा, तापमानाचा दिवा आणि चार्जिंगचा दिवा, शिवाय तेल आणि तापमान या दोन्ही धोक्यांसाठी एक कर्कश बझर. आरपीएम मीटर, तापमानाचे मीटर, तेलाच्या दाबाचे मीटर आणि तासांचे मीटर असल्यास उत्तम. पैसे मोजकेच असतील तर मीटर कमी घ्यावेत, पण बझरमध्ये काटकसर करू नये, कारण शीड उतरवताना किंवा दोर आवरताना पॅनेलकडे कोणीच पाहत नसते. डिझेल इंजिनाच्या आवाजावर मात करील एवढा बझरचा आवाज हवा.

मुंबई बंदरात तापमानाचा इशारा मिळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडावर चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. अशा वेळी एक्झॉस्टच्या पाइपला जाणारे समुद्राचे पाणी आधी बंद होते आणि इंजिनाचे शीतक नंतर तापते. त्यामुळे एक्झॉस्टच्या पाइपवर बसवलेला वेगळा तापमान-स्विच इंजिनावरच्या स्विचच्या कितीतरी आधी ओरडतो. नवीन पॅनेल बांधतच असाल तर या स्विचच्या दिव्यासाठी एक भोक राखून ठेवावे.

मीटर विकत घेताना त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून मीटरला माप कळवणारा भाग, कोणत्या जातीचा आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे. युरोपीय पद्धतीचे तेलाच्या दाबाचे सेंडर साधारण १० ते १८० ओहम या मर्यादेत चालतात आणि दाब वाढला की त्यांचा रोध वाढतो. अमेरिकी पद्धतीचे सुमारे २४० पासून ३३ ओहमपर्यंत उतरतात, म्हणजे चाल उलटी. एका जातीचे मीटर आणि दुसऱ्या जातीचा सेंडर जोडला तर काटा हलतो, पण खोटे सांगतो, आणि ते काटा न हलण्यापेक्षा वाईट. दारुखान्यात तोडलेल्या जहाजांवरची पितळी कड्यांची सुरेख मीटर मिळतात आणि ती पाहून मोह होतोच. मात्र त्यांतली बरीच २४ व्होल्टची असतात आणि सेंडरची जोडी सोबत नसते. ती दिवाणखान्यात शोभतात.

जागा

पुष्कळ बोटींवर पॅनेल कॉकपिटच्या बाजूच्या भिंतीत, पायांच्या उंचीवर बसवलेले असते. कारखान्याला ती जागा सोयीची, कारण मागे इंजिन जवळ आणि वायर आखूड. वापरणाऱ्याला मात्र तिथे बुटाचा ठोसा, विंचचे हँडल आणि कॉकपिटमध्ये साचलेले पाणी असे तिन्ही त्रास असतात. बदलणे शक्य असेल तर पॅनेल गुडघ्याच्या वर, उभ्या पृष्ठभागावर, थोडे आत खोचलेले आणि सुकाणूवरून मान न वळवता दिसेल असे बसवावे. आडव्या किंवा आभाळाकडे कललेल्या पृष्ठभागावर मीटरच्या कड्याभोवती पाणी उभे राहते, म्हणून ती जागा टाळावी.

होकायंत्रापासून किमान १ मीटर अंतर राखावे. बझरमध्ये चुंबक असतो, काही मीटरमध्येही असतो, आणि एकेरी वायरीतून वाहणारी वीजही सुई हलवते. भोके पाडण्यापूर्वी पॅनेलचे सामान नियोजित जागी धरून, चावी चालू-बंद करून होकायंत्राची सुई सरकते का ते पाहावे. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन नेल्यास हा त्रास बराच कमी होतो.

शीट निवडणे आणि कापणे

पॅनेलच्या तोंडासाठी ६ मिमी जाडीचे काळे किंवा धुरकट अ‍ॅक्रिलिक मला सर्वांत व्यवहार्य वाटते. ते उन्हाला चांगले तोंड देते आणि मुंबईत सहज कापून मिळते. दोष एवढाच, की भोकाच्या कडेला तडकते. पॉलिकार्बोनेट तडकत नाही, पण अतिनील किरणांपासून संरक्षण दिलेले नसेल तर उन्हाने पिवळे पडते. अ‍ॅल्युमिनियम दिसायला नेटके असले तरी स्टेनलेसच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरून सडते. लाकूडच हवे असेल तर आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे आणि प्रत्येक भोकाची आतली कड इपॉक्सीने बंद करावी; प्लायवूड पाणी पिते ते तोंडाने नव्हे, या कडांनी.

आधी जाड पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचा नमुना कापून, सगळी मीटर त्यात बसवून, तो बोटीवर धरून पाहावा. मीटरच्या मागची खोली, चावी फिरवताना बोटांना लागणारी जागा आणि वायरींचे वळण हे कागदावरच्या आकृतीत कळत नाही. लहान मीटरचा नेहमीचा व्यास ५२ मिमी आणि आरपीएम मीटरचा बहुधा ८५ मिमी असतो, तरी हातात असलेले मीटर मोजूनच होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) निवडावी.

अ‍ॅक्रिलिकवरचा संरक्षक कागद काढू नये. शीटच्या खाली लाकडाची फळी घट्ट दाबून धरावी, ड्रिल अगदी सावकाश फिरवावे आणि मध्ये मध्ये थांबून भोक थंड होऊ द्यावे. घाई केली तर अ‍ॅक्रिलिक वितळून होल सॉच्या दातांत अडकते आणि सुटताना तडा देऊन सुटते. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, कारण तडा नेहमी खरवडलेल्या कडेपासूनच सुरू होतो. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा १ मिमी मोठी ठेवावीत: ३०० मिमी लांबीचे अ‍ॅक्रिलिक तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर सुमारे ०.८ मिमी वाढते, आणि मे महिन्यातल्या दुपारी काळ्या शीटला एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. खोबणीत बसणारे सपाट डोक्याचे स्क्रू पाचरीप्रमाणे शीट फाडतात, म्हणून गोल डोक्याचे स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर वापरावा.

स्क्रू, रबरी शीट आणि हत्यारांसाठी नागदेवी, वायर, लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) आणि फ्यूजसाठी लोहार चाळ, आणि रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), मल्टीमीटर यांसाठी लॅमिंग्टन रोड, अशी फेरी मारली की बहुतेक सामान एका दिवसात जमते. स्क्रू ‘३१६’ दर्जाचेच मागावेत. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण ३०४ आणि ३१६ या दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. पावतीवर दर्जा लिहून घ्यावा.

बसवणे आणि सील करणे

बोटीच्या भिंतीवर पॅनेल टेकते तिथे ३ मिमी जाडीच्या निओप्रीनची किंवा ईपीडीएम रबराची सलग, एकसंध कापलेली चौकट ठेवावी. ती नसेल तर ब्युटाइल टेप चालते. दोन पदार्थ येथे टाळावेत. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन लावल्यास पुढच्या वेळी पॅनेल तोडूनच काढावे लागेल. आणि स्नानगृहातले साधे सिलिकॉन, ज्याला सुकताना शिरक्यासारखा वास येतो, ते अ‍ॅसिटिक आम्ल सोडते आणि मागच्या तांब्याला कळंक आणते. सिलिकॉन लावायचेच असेल तर ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचे मागावे. स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे आवळावेत आणि रबर किंचित दबताच थांबावे.

प्रत्येक मीटरच्या कड्याखाली त्याचे स्वतःचे रबरी वॉशर असते. ते खोक्यातच राहून जाण्याचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके आहे. सेल्फच्या बटणावर रबरी टोपी बसवावी. पॅनेलवरचे सर्वांत दुबळे ठिकाण म्हणजे चावीचे भोक, कारण त्यातून पाणी थेट स्विचच्या पोटात जाते. माझ्या मते चावीचा स्विच केबिनमध्ये उतरणाऱ्या जिन्याच्या आत, छपराखाली बसवावा आणि बाहेर फक्त टोपीचे बटण, दिवे आणि बझर ठेवावेत. चावी बाहेरच हवी असेल तर तिच्यावर उघडझाप करणारे झाकण असलेलाच स्विच घ्यावा.

पॅनेलची मागची बाजू बहुधा सामानाच्या खणात उघडते, आणि त्या खणात फेंडर, दोर, बादली असे सारे फेकले जाते. म्हणून मागे एक साधी पेटी लावावी: वर आणि बाजूंना बंद, तळाला उघडी किंवा किमान १० मिमीची दोन भोके असलेली, आणि चार स्क्रू काढले की निघणारी. वायरी पेटीत खालून वर याव्यात. त्या वरूनच येणे भाग असेल तर टर्मिनलच्या खाली उतरणारे एक वळण देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे वायरीवरून घरंगळणारे पाणी त्या वळणाच्या तळातून गळून पडेल.

वायर जोडण्यापूर्वीच पाण्याची परीक्षा घ्यावी. पॅनेल जागेवर बसवून मागे वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे प्रत्येक मीटरच्या आणि कडेच्या खाली चिकटवावेत, आणि मग पुढून नळीने, पावसासारखे वरून आणि दोन्ही बाजूंनी, दहा मिनिटे पाणी मारावे. कागदावर ओला डाग कुठे पडला ते स्पष्ट दिसते. बहुतेकदा तो कड्याच्या तळाशी अर्धचंद्रासारखा उमटतो, आणि तसे असेल तर मागचा नट एका बाजूने सैल आहे असे समजावे.

वायरिंग

वायर तांब्याची, बारीक तारांची आणि प्रत्येक तार कथलाने मढवलेली हवी. बाजारात हिला ‘टिन्ड कॉपर’ म्हणूनच मागावे. साधी तांब्याची घरगुती वायर स्वस्त पडते आणि पहिले वर्ष तक्रारही करत नाही. पावसाळा उलटल्यावर तिचे टोक सोलून पाहिले तर लगजवळ हिरवा कळंक आणि आत तारा काळ्या पडलेल्या दिसतात. तांबे उजळ लागेपर्यंत चार-पाच इंच कापत जावे लागते, कारण खारे पाणी आवरणाखाली तारांच्या फटींतून वर चढलेले असते.

दिवे आणि मीटर यांना १ ते १.५ चौ.मिमीची वायर पुरते. पॅनेलला वीज आणणारी आणि परत नेणारी वायर २.५ चौ.मिमीची घ्यावी. टोकांना गोल लग रॅचेट पक्कडीने दाबून बसवावेत आणि जोरात ओढून पाहावेत. निसटणारा लग घरीच निसटलेला बरा. नुसत्या सोल्डरवर विसंबू नये, कारण सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथे तुटते. लगच्या मानेवर आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवून गोंद कडेने बाहेर डोकावेपर्यंत गरम करावी. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा आणि जोडणीची आकृती लॅमिनेट करून मागच्या पेटीच्या आतल्या बाजूला लावावी.

दिव्यांची जोडणी समजायला सोपी आहे. चावीतून आलेली धन वायर प्रत्येक दिव्याच्या एका टोकाला जाते. दुसरे टोक इंजिनावरच्या स्विचला जाते आणि तो स्विच इंजिनाच्या ब्लॉकमधून ऋण वाट पुरी करतो. तेलाचा स्विच दाब नसताना जोडलेला असतो, म्हणून चावी फिरवताच दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. तापमानाचा स्विच मात्र तापल्यावरच जोडला जातो. दोन्हींसाठी एकच बझर असेल तर प्रत्येक स्विचच्या वाटेत एक डायोड घालावा, ज्याच्या अंगावरची पट्टी स्विचकडे असेल. अन्यथा एका बिघाडाला दोन्ही दिवे लागतात आणि नेमके काय झाले ते कळत नाही. धातूच्या हलच्या (सांगाड्याच्या) काही बोटींत ऋण वाटही वेगळ्या वायरीने येते. त्यासाठी दोन टोकांचे सेंडर असतात आणि वरची जोडणी तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

पॅनेलची ऋण वायर थेट इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडून उजळ केलेल्या जागी, स्वतंत्र बोल्टने बसवावी. धन वायरीवर, ती जिथून वीज घेते तिथल्या तोंडाशी, १० अँपिअरचा फ्यूज हवा. पॅनेलच्या मागे लावलेला फ्यूज इंजिनापासून पॅनेलपर्यंतच्या वायरीला वाचवत नाही.

सेल्फसाठी रिले का लावावा

बटण दाबल्यावर नुसते ‘टक्’ होणे आणि इंजिन न फिरणे, ही शिडाच्या बोटींवरची नेहमीची तक्रार. बॅटरी भरलेली असते, सेल्फ चांगला असतो, तरी हे होते, आणि कारण हिशोबात सापडते. सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फची मुख्य वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला) आत ओढून घेण्याच्या क्षणी २० अँपिअर लागू शकतात. ही वीज इंजिनापासून पॅनेलपर्यंत ४ मीटर येते आणि बटणातून पुन्हा ४ मीटर परत जाते. १.५ चौ.मिमीच्या ८ मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.०९३ ओहम भरतो, म्हणजे २० अँपिअरला जवळजवळ १.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ चौ.मिमीची वायर घेतली तरी १.१ व्होल्ट जातातच. वाटेतला एखादा कनेक्टर कळंकला असेल तर सोलेनॉइडला उरते ते अपुरे ठरते.

उपाय स्वस्त आहे. इंजिनाजवळ, पण उंचावर आणि कोरड्या जागी, मोटारीत वापरतात तसा ४० अँपिअरचा रिले बसवावा, त्याची टोके खाली तोंड करून. ८६ क्रमांकाच्या टोकाला बटणाची वायर, ८५ ला ऋण, ३० ला बॅटरीकडून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली ४ चौ.मिमीची वायर आणि ८७ पासून सोलेनॉइडला तेवढीच जाड वायर जोडावी. आता पॅनेलच्या लांब वायरीतून रिलेच्या गुंडाळीपुरते सुमारे ०.२ अँपिअरच वाहतात. ग्लो प्लग (सुरू करण्यापूर्वी इंजिन आतून तापवणारे प्लग) असतील तर त्यांनाही असाच वेगळा, भार पेलणारा रिले द्यावा. ती वीज चावीतून नेणे म्हणजे चावीचा स्विच जाळणे होय.

चार्जिंगचा दिवा एलईडीने बदलू नये

हा दिवा केवळ खबर देत नाही. पुष्कळ अल्टरनेटरना (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रांना) जागे करणारी पहिली वीज त्याच्यातूनच जाते. मूळचा २ वॉटच्या आसपासचा बल्ब काढून एलईडी लावली, की अल्टरनेटर सुरुवातीला झोपूनच राहतो आणि इंजिन खूप पळवल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. एलईडीच हवी असेल तर तिला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडावा. याच कारणाने, पॅनेलवरचा हा दिवा उडाला तर तो किरकोळ समजून हंगामभर तसाच ठेवू नये.

पहिल्यांदा सुरू करताना

चावी फिरवताच तेलाचा आणि चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि बझर वाजला पाहिजे. हे झाले नाही तर सेल्फ मारू नये. जो दिवा थांबलेल्या इंजिनात लागत नाही, तो तेल संपले तरी लागणार नाही. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत दोन्ही दिवे विझावेत. गोड्या पाण्याचे शीतक असलेल्या इंजिनाचा काटा साधारण ७५ ते ८५ अंशांवर स्थिरावतो. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांना आत मीठ साचू नये म्हणून त्याहून थंड, ५० ते ६० अंशांच्या आसपास चालवतात. आपल्या इंजिनाचा काटा जिथे थांबतो तिथे मीटरच्या कडेला बारीक रंगीत टेपची खूण करावी, म्हणजे बोटीवरच्या नवख्या सोबत्यालाही काटा खुणेपुढे गेलेला ओळखता येतो.

इंजिन बंद करताना आधी इंजिन थांबवावे आणि मग चावी. ज्या इंजिनाला थांबवण्यासाठी ओढायची दोरी आहे, त्यात चावी फिरवून इंजिन थांबतच नाही. फक्त दिवे आणि बझर मुके होतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच तर कधीच बंद करू नये, अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

देखभाल

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पॅनेल पुसावे आणि कोरड्या कापडाने टिपावे. पाण्याचा जोराचा झोत मारू नये. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट अ‍ॅक्रिलिकला लावू नये, त्याने भोकांभोवती केसासारखे तडे उमटतात. वर फिक्या रंगाच्या कॅनव्हासचे आच्छादन घालावे. पारदर्शक झाकणाखाली उन्हात इतकी उष्णता कोंडते, की अंकदर्शक पडदे काळे पडतात. प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती पावसाचे पाणी अडवते तसा आतला दमटपणाही अडवून धरते.

महिन्यातून एकदा मागची पेटी उघडून लगवर हिरवट डाग, सैल नट आणि निथळण्याच्या भोकांत अडकलेला कचरा पाहावा. टर्मिनल आवळल्यावर त्यावर विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. आधी आवळावे आणि मग ग्रीस लावावे. ओलावा घालवणारे फवारे तात्पुरते उपयोगी पडतात, पण ते उडून जातात. त्यांच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, बोट वर ओढली की, खरे काम असते. बॅटरीची वायर काढावी, पॅनेल सोडवावे आणि मागचे प्रत्येक टर्मिनल गोड्या पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसून, पंख्याखाली दिवसभर वाळवावे. मीटर मात्र बुडवू नयेत. त्यानंतर शक्य असेल तर पॅनेल सरळ घरी न्यावे. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटाइतके चांगले आवरण दुसरे नाही, आणि क्रमांक घातलेल्या वायरी गोल लगने जोडलेल्या असतील तर ते सोडवणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. मल्टिपिन कनेक्टरने ते आणखी सोपे होते, पण कनेक्टर प्रत्येक पिनभोवती रबरी सील असलेलाच असावा. साध्या प्लॅस्टिकच्या जोडापेक्षा स्क्रूची टर्मिनल पट्टी केव्हाही बरी. बोटीवर उरलेल्या वायरींच्या टोकांना ग्रीस लावून, तोंड खाली करून, हवा खेळेल अशा ठिकाणी बांधावे. नारळी पौर्णिमेनंतर कोळीवाड्यातल्या होड्या बाहेर पडू लागतात, तरी हौशी बोटींचा हंगाम पाऊस खरोखर ओसरल्यावरच सुरू होतो. मधल्या आठवड्यांत पॅनेल घरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर तपासून घेता येते.

बिघाड शोधताना

सगळी मीटर एकाच वेळी चुकीचे दाखवत असतील, किंवा सेल्फ मारताना सगळे काटे एकत्र उडत असतील, तर दोष मीटरचा नसून सामाईक वाटेचा असतो: ब्लॉकवरची ऋण वायर, मुख्य फ्यूज किंवा चावी. एकच मीटर चुकत असेल तर त्याचा सेंडर किंवा त्याची वायर तपासावी. तापमानाच्या सेंडरची वायर काढून, चावी चालू ठेवून, क्षणभर ब्लॉकला टेकवली की काटा पूर्ण गरमकडे जायला हवा आणि सोडली की खाली यायला हवा. असे झाले तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर गेला. युरोपीय पद्धतीच्या तेलाच्या मीटरमध्ये हेच उलट दिसते: वायर टेकवली की शून्य आणि सोडली की पूर्ण दाब. म्हणूनच तेलाचा काटा अचानक पूर्ण उजवीकडे जाऊन चिकटला तर दाब वाढला असे न समजता सेंडरची सुटलेली वायर शोधावी. मात्र त्याच वेळी तेलाचा दिवाही लागला असेल, तर मीटरचा विचार बाजूला ठेवून आधी इंजिन थांबवावे.

अल्टरनेटरवरून खूण घेणारे आरपीएम मीटर उड्या मारू लागले, तर पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा आणि दुसरा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकाच्या लगवर. पट्टा घसरत असेल तर चार्जिंगही कमी होते आणि मल्टीमीटरवर बॅटरीचा व्होल्टेज इंजिन चालू असताना १३.५ च्या वर चढत नाही. मीटर स्थिर, पण कायम चुकीचे असेल तर त्याची जुळणी पाहावी: अल्टरनेटरच्या ध्रुवांच्या जोड्यांना दोन्ही पुलींच्या व्यासांच्या गुणोत्तराने गुणले की इंजिनाच्या एका फेऱ्याला मिळणारे स्पंद येतात. १२ ध्रुवांचा अल्टरनेटर आणि दुप्पट वेगाची पुली असेल तर ते १२ भरतात. अल्टरनेटर किंवा पुली बदलल्यावर मीटरच्या मागचा आकडा बदलायचा राहून जातो, आणि मग इंजिन कमी फिरत असल्याच्या समजुतीने पाण्यातल्या पंख्यापासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांची तपासणी सुरू होते.